माहेरचा पत्ता

कुंदा,

तुझ्या मृत्यूच्या नोंदीत पत्ता चुकला होता. दवाखान्याने आमच्या अमरावतीच्या घराचा पत्ता लिहून पाठवला होता. मी तो दुरुस्त करायला नोंदणीच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसाने आधी कागद पाहिला, मग मला.

"बाई, गेल्या तं अमरावतीतच ना? मंग काय फरक पडते?"

"गेली अमरावतीत. राहायची अकोल्यात. तुमच्या रकान्यात कायमचा पत्ता असं छापलंय."

"तुमी तिच्या घरचेच हाव ना? मंग हा घरचाच पत्ता झाला."

तुझे दादा माझ्या बाजूला उभे होते. माझा हात धरून म्हणाले, "चाल न वो, जाऊ दे आता." मी जाऊ दिलं नाही. तुझं आधार दाखवलं, तुझ्या अकोल्याच्या फ्लॅटचं विजेचं बिल दाखवलं, मागच्या लोकांची बोलणी खाल्ली आणि पत्ता बदलूनच खिडकी सोडली. पायऱ्या उतरताना दादा एवढंच म्हणाले, "तुमी दोघी सारख्याच." मग रस्त्यावरच, स्कूटरला किल्ली लावता लावता, ते रडायला लागले.

तू शेवटचे काही महिने आमच्याकडे होतीस, तेवढंच. त्याआधीचं तुझं सगळं कामाचं आयुष्य अकोल्यात गेलं. उद्या कोणी अभ्यास करणारी पोरगी इकडच्या जिल्ह्यांतल्या आजारांचे आकडे मोजायला बसली आणि तू अमरावतीच्या बेरजेत सापडलीस, तर तिचंही तुझ्यासारखंच होईल. एवढ्याचसाठी मी तो पत्ता बदलला. त्याने काही होणार नाही, हेही मला माहीत आहे.

हे छापलं जाईल तेव्हा तुला न ओळखणारे लोकही वाचतील. म्हणून तुला माहीत असलेल्या काही गोष्टी पुन्हा सांगते. मी तुझी वहिनी. सरकारी कचेरीत आकडे जुळवायचं काम करते आणि घर चालवते. तू माझी धाकटी नणंद. तुझं लग्न झालं नाही. दादा म्हणायचे, हिचं सासर म्हणजे ती अकोल्याची प्रयोगशाळा, आणि सासू म्हणजे तिथला फ्रीजर, कारण लाईट गेली की हिला त्याचीच काळजी.

तुझं काम काय आहे, हे मला एकदा माझ्याच स्वयंपाकघरात कळलं. आमच्या कूलरच्या पंपाचा स्विच खराब होता. चुकून कोणी दाबू नये म्हणून मी त्याच्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. मी तुला विचारलं, "आईबापाकडून आलेलं जर बदलत नाही, तर कपाशीवरच्या औषधाच्या फवाऱ्याने पोटातल्या लेकराचं काय बदलतं म्हणून तू शोधतेस?" तू त्या पट्टीवर बोट ठेवलंस.

"हे पाह्य वहिनी. घरातली वायरिंग बदलली काय? नाई. स्विच बदलला काय? नाई. पण पट्टी लावली, तं पंप चालू होत नाई. लेकरू पोटात असते तवा त्याच्या पेशीपेशीत अशा पट्ट्या लागतात. कोणत्या स्विचवर लावाची अन् कोणता मोकळा सोडाचा, थे शरीर ठरवते. मले पाह्याचं हाये का फवारणीच्या औषधानं पट्ट्या भलत्याच स्विचवर लागून राहिल्या काय."

"आणि लागल्या असल्या तर? काढता येतात?"

"आधी लागल्या का थे तं पाहू दे, बापा!"

ती पट्टी अजून तिथेच आहे. स्विच दुरुस्त करायला माणूस आला होता. मी त्याला दुसरं काम सांगितलं.

तू नाळेतलं रक्त गोळा करायचीस. लेकरू जन्मलं, नाळ कापली, की त्यातलं थोडंसं रक्त छोट्या नळीत. आईला दुखत नाही, बाळाला कळत नाही. पण आईची परवानगी लागते, आणि ती तू स्वतः घ्यायचीस, दुसऱ्या कोणाला पाठवायची नाहीस. प्रत्येक आईला एकच वाक्य सांगायचीस: "यातून काय निघालं थे मी तुले घरी येऊन सांगीन." मी तुला तेव्हाच म्हटलं होतं की असा शब्द कोणी देत नसतं. तू म्हणालीस, "त्यायनं आपलं रक्त द्यावं अन् मी शब्द बी देऊ नये?"

तुझी मांडणी साधी होती. एका बाजूला तेल्हारा, हिवरखेडकडच्या कपाशीच्या पट्ट्यातल्या बाया, जिथे हंगामभर फवारणी चालते. दुसऱ्या बाजूला अमरावती आणि अकोला शहरातल्या बाया. दोन्हीकडच्या लेकरांच्या नाळेच्या रक्तातल्या, त्या चिकटपट्ट्यांच्या खुणा ताडून पाहायच्या. हिशेबात दुसरी भेसळ नको, म्हणून तू फक्त पहिलटकरणी घेतल्यास. कोणती बाई कोणत्या बाजूची, ते दवाखान्याच्या कागदावरच्या पत्त्यावरून ठरलं.

वाचणाऱ्या बायांपैकी कित्येकींना इथेच कळलं असेल. आपल्याला कळलं नाही.

उत्तर आलं, की दोन्ही बाजूंत फरक दिसत नाही. तू ते लिहिलंस, ते छापून आलं. मला बरं वाटलं होतं. तुला बरं वाटलं की वाईट, ते तुझ्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मुलं चालायला, बोलायला लागल्यावर त्यांची वजनं, उंची, बोलणं तपासायचं ठरलं होतं आणि तू पुन्हा घरोघर निघालीस. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे आली होतीस. आमच्याच भागातला एक पत्ता होता, म्हणून मीही सोबत आले. रेखा नावाच्या बाईचा. ती तुझ्या यादीत होती अमरावती शहराची. फवारणीशी संबंध नाही.

दारात रेखाची आई होती. तिने आपल्याला बसवलं, चहा टाकला.

तू विचारलंस, "रेखा कामावर गेली काय, मावशी?"

"रेखा? थे कुठी राह्यते इथं! थे हिवरखेडले राह्यते, सासरी."

"आता गेली काय राहायले?"

"आता कावून? लगन झालं तवापासून तिथंच हाये."

"मंग बाळंतपण तं इथल्या दवाखान्यात झालं."

"पह्यलं बाळंतपण माहेरी नाई तं काय सासरी करते? सातव्यात डोहाळजेवण केलं न् घेऊन आलो तिले."

तू कप खाली ठेवलास. "अन् तोवर थे काय करत होती, मावशी? सातव्या महिन्यापर्यंत?"

"काय करन? निंदाले जाये, तण काढाले. कपाशीत." मग तुझा चेहरा पाहून ती हसली. "तुमी नोहोत्या काय गेल्या माहेरी, पह्यल्या वक्ती?"

"मले सासरच नाई, माय."

"अगो माय! मंग तुमाले कसं मालूम राहीन!" आणि तिने तुझ्या हातावर थाप मारली. तूही हसलीस. कप मात्र पुन्हा उचलला नाहीस.

मी तर पहिल्या वेळी नांदगाव खंडेश्वरला गेले होते, माझ्या माहेरी. तुझ्या हाताखालच्या मुली, दवाखान्यातल्या सिस्टर, सगळ्या गेल्या होत्या. ज्यांनी दूरच्या शहरात बसून तुझी मांडणी तपासली, त्यांना इथली रीत माहीत नव्हती, आणि आपल्याला इतकी माहीत होती की ती दिसलीच नाही. परका माणूस असता तर त्याने विचारलं असतं, ही बाई कुठून आली? आपण विचारलं नाही. सातव्या महिन्यात लेक घरी येते, हे आपल्यासाठी ऊन-सावलीसारखं आहे. ते कोणी रकान्यात लिहितं का?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे पहिलटकरणीच घ्यायच्या हे तू हिशेब चोख राहावा म्हणून ठरवलं होतंस. दुसऱ्या, तिसऱ्या वेळच्या बाया घेतल्या असत्या तर निदान त्या आपल्या घरी बाळंत झालेल्या सापडल्या असत्या. शहराच्या बाजूला टाकलेली रेखा कपाशीत निंदत होती. हिवरखेडच्या बाजूला टाकलेली कोणी अकोल्यात तिसऱ्या मजल्यावर राहत होती. दोन हंड्यांतलं पाणी एकमेकांत ओतायचं आणि मग चाखून म्हणायचं की चव सारखीच आहे. तुझा "फरक दिसत नाही" हा आकडा तेवढाच होता. तो मी इथे लिहीत नाही, कारण तो आता कशाचाच आकडा नाही.

त्या दिवशी परत येताना तू रस्त्यात एका ठिकाणी थांबलीस आणि उसाचा रस घेतलास. मला वाटलं, चक्कर येते आहे. तू म्हणालीस, "वहिनी, लेख मांगे घ्यावा लागते." एवढंच. बर्फ टाकू नको, असंही रसवाल्याला सांगितलंस.

आणि तू तो लेख स्वतःहून मागे घेतलास. कोणी बोट दाखवलं नव्हतं. कोणाला कळलंही नसतं. कुंदा, मी आयुष्यभर आकड्यांत काम केलं. चुकलेली बेरीज झाकणारे पुष्कळ पाहिले. आपली बेरीज स्वतः उठून सगळ्यांसमोर खोडणारी म्हणून मी तुला एकटीलाच पाहिलं, हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. आपल्याकडे नणंद-भावजयीत असं बोलत नाहीत. आपण भांडतो.

भांडलोच. तू म्हणालीस, प्रत्येक आईला सासरी जाऊन गाठायचं. कोणत्या महिन्यात कुठे होतीस, शेतात जात होतीस का, नवऱ्याचे फवारणीचे कपडे कोण धुवायचं, हे विचारायचं. नळ्या आहेतच, रक्त आहे. फक्त बाजू नव्याने ठरवायच्या.

मी म्हटलं, "आता मुलं चालायला-बोलायला लागली. आता विचारलेलं आकड्यात धरता येत नाही. ज्या आईचं लेकरू आजारी, तिला फवारणी जास्त आठवेल. जिचं धडधाकट, ती विसरून गेली असेल. तू पुन्हा चुकीच्याच हंड्यात ओतशील."

"मंग काय करू?"

"नव्या बाया घे. या वेळी सुरुवातीपासून विचार."

"अन् या बायायचं काय? यायनं दिलेलं रक्त नालीत टाकू?"

"खोटं उत्तर देण्यापेक्षा उत्तर न देणं बरं."

"तुयं बरं हाये वहिनी. तुले कोणी दारात येऊन विचारत नाई का माही पोरगी बरोबर हाये ना म्हणून."

मी म्हटलं की दारात येणाऱ्या बाईमुळे आकडेवारीचा नियम बदलत नाही. तू दोन दिवस फोन केला नाहीस. मग केलास तो भरताची वांगी कुठे चांगली मिळतात, हे विचारायला. आपली भांडणं अशीच मिटायची. हे मात्र मिटलं नाही. नुसतं बाजूला ठेवलं गेलं.

तू जायला लागलीस. हिवरखेडला रेखाकडे गेलीस, तेल्हाऱ्याच्या आसपास आणखी काही बायांकडे. निधी बंद झाला होता. मागे घेतलेल्या लेखावर पैसे कोण देणार? रजा टाकून एसटीने जायचीस. आणि मग तुझी पोटदुखी सुरू झाली. जिला आपण सगळे ॲसिडिटी म्हणत होतो, तिचं नाव दुसरंच निघालं.

दादा अकोल्याला जाऊन तुला घेऊन आले. तू उंबऱ्यावर थांबून म्हणालीस, "घे वहिनी, आली मी माहेरी. डोहाळजेवण कर आता." मी आत जाऊन चहा टाकला. कारण तुझ्यासमोर उभं राहता येत नव्हतं.

त्या दिवसांत तू एकदाच विचारलंस. दुपारची वेळ होती, कूलर चालू होता, मी तुझे पाय चेपत होते. तू म्हणालीस, "आई माह्या वेळेस बी निंदाले जात होती. नवव्या महिन्यापर्यंत. तिले कोण माहेरी नेणार होतं? तुले काय वाटते वहिनी, माहं हे त्यायनं असन काय?"

मी म्हटलं, "एकाचा आकडा होत नाही."

तू हसलीस. "माहंच वाक्य मलेच?"

वाक्य तुझंच होतं आणि बरोबर होतं. आजही बरोबरच आहे. एका बाईवरून काहीही म्हणता येत नाही. तुझ्या आजाराला हजार कारणं असू शकतात. पण तू शास्त्रज्ञ म्हणून विचारत नव्हतीस. तू त्या बाईची मुलगी म्हणून विचारत होतीस, जी तुला पोटात घेऊन ओल्या कपाशीत उभी होती. रेखा तुला विचारायची, तसं. आणि रेखाला जे उत्तर मिळालं, तेच तुला मिळालं. माहीत नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. बुद्धवंदना झाली, मग लोक बोलायला उठले. तुझ्याबद्दल प्रेमानेच बोलले. एक गृहस्थ माईकवर म्हणाले की कुंदाताईंनी फवारणीमुळे पुढच्या पिढ्या बिघडतात हे जगासमोर सिद्ध केलं. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत पांढरी साडी नेसून बसले होते. तू काहीही सिद्ध केलं नव्हतंस. सिद्ध झालं नाही हे सांगण्यासाठीच तू आपली नोकरी, नाव, पैसा पणाला लावलास. मी उठणार होते. दादांनी ओळखलं. हळूच म्हणाले, "बसून राह्य. आज तरी बस." मी बसले. टाळ्या थांबल्या. पुढचा माणूस बोलायला उठला.

परवा अकोल्याहून तुझ्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. भला माणूस आहे, बोलताना अडखळत होता. फ्रीजरमध्ये जागा हवी आहे. तुझं काम पुढे चालवणारं कोणी नाही. तुझ्या नळ्या नियमाप्रमाणे नष्ट कराव्या लागतील. घरच्यांची हरकत आहे का, असं त्याने विचारलं. हरकत घेणारे आम्ही कोण? ते रक्त आमचं नाही. ज्यांचं आहे त्यांना विचारा, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "त्यांचे पत्तेच तर बरोबर नाहीत ना, वहिनी." त्याने टोमणा मारला नव्हता. खरं तेच सांगितलं.

तुझा फोन मी बंद केलेला नाही. चार्ज करून फ्रीजवर ठेवते. काल दुपारी तो वाजला. नाव आलं, रेखा हिवरखेड. मी उचलला.

"मॅडम, मी रेखा बोलून राहिली. तुमी येतो म्हणे ना, पुन्हा? आल्याच नाई."

मी सांगितलं. मी कोण, तू कधी गेलीस, कशाने गेलीस. पलीकडे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

मग ती म्हणाली, "अन् थे रक्त?"

"त्यातून काही कळलं नाही, रेखा. आता कळणारही नाही."

"पोरगी बरोबर हाये ना माही?"

"मला माहीत नाही, बाई."

"मॅडम बी असंच म्हणे. पण थ्या म्हणे, मी पाहून सांगीन." ती पुढे म्हणाली, "थ्या गेल्या वक्ती आल्या, तवा मले म्हणत, रेखा, नीट आठवून ठेव, कोणत्या महिन्यात कोणत्या वावरात होती. घाई नाई, म्हणे. मी पुन्हा येईन तवा सांगजो. म्या सासूले इचारलं, नवऱ्याले इचारलं, सारं बरोबर लावून ठेवलं. आता मी हे कोणाले सांगू?"

कुंदा, मला सगळे नियम माहीत आहेत. इतक्या वर्षांनी आठवलेलं, सासूला विचारून लावलेलं, विचारणारीला काय हवंय ते ठाऊक असलेलं. मी आपल्या भांडणात ज्याला भरवशाचं नाही म्हटलं होतं, ते हेच. आता तर त्याच्याशी जुळवायला नळीही राहणार नाही. ते कुठल्याही बाजूला पडत नाही, कुठल्याही बेरजेत येत नाही.

"मला सांग," मी म्हटलं.

तिने सांगितलं. पहिला महिना, पोळ्याच्या आधीचा, विहिरीकडचं वावर. दुसरा. मळमळ होती तरी गेली. तिसऱ्यात पलीकडच्या धुऱ्यावर, बांधापलीकडे, फवारा चालू होता, वारा इकडचा होता. एकेक महिना, सातव्यापर्यंत. मध्ये एकदा चुकली, थांबली, मागे जाऊन दुरुस्त केलं, आणि पुन्हा पुढे निघाली. तुझ्यासारखंच.

मी काही लिहून घेतलं नाही. सातवा महिना आला तेव्हा ती म्हणाली, "मंग मी माहेरी आली." दोघींपैकी कोणीच फोन ठेवत नव्हतं.